‘स्मॉल’ कुठे, ‘लिटल’ कुठे, ‘शॉर्ट’ कुठे? लहानासाठी योग्य इंग्रजी शब्द निवडायची पद्धत

‘माय स्मॉल ब्रदर हॅज अ स्मॉल फीव्हर, सो वी टुक अ स्मॉल हॉलिडे.’

या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. क्रियापदं जागेवर, काळ बरोबर, अर्थही कळतो. तरीही तिन्ही ‘स्मॉल’ चुकलेले आहेत. भाऊ ‘यंगर’ किंवा ‘लिटल’ हवा, ताप ‘स्लाइट’ किंवा ‘माइल्ड’ आणि सुट्टी ‘शॉर्ट’.

गंमत म्हणजे मराठीत बोलताना आपण असं करत नाही. भाऊ धाकटा असतो, ताप बारीकसा असतो, रस्ता अरुंद असतो, चूक किरकोळ असते. इंग्रजीत शिरताना मात्र हे सगळं डोक्यात आधी ‘छोटं’ होतं आणि मग ‘स्मॉल’. म्हणजे फरक आपल्याला कळत असतो, तो वाटेत सांडतो. खालचे टप्पे तो सांडू नये म्हणून आहेत, आणि ते याच क्रमाने करावेत. बहुतेक जण पाचव्या टप्प्यापासून सुरुवात करतात, म्हणजे थेट ‘टायनी’ की ‘मायन्यूट’ याचा विचार. मुळात तिथे ‘शॉर्ट’ हवा असतो हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

## तयारी

एकटा शब्द घेऊन बसू नका. पूर्ण वाक्य लिहा आणि ज्या नामाला लहान म्हणायचंय त्याखाली रेघ मारा. विशेषण निवडायचं ते त्या नामावरून.

शब्दकोश इंग्रजी-इंग्रजी घ्या, तोही शिकणाऱ्यांसाठी काढलेला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिघांचे असे कोश इंटरनेटवर फुकट बघता येतात. इंग्रजी-मराठी कोश या कामाला फारसा उपयोगाचा नाही, कारण तिथे ‘स्मॉल’, ‘लिटल’, ‘टायनी’ या सगळ्यांपुढे ‘लहान’ किंवा ‘अगदी लहान’ एवढंच सापडतं. शिकणाऱ्यांच्या कोशात शब्द नामाआधीच येतो का, औपचारिक आहे का, नापसंती दाखवतो का, अशा खुणा दिलेल्या असतात. आपल्याला अर्थापेक्षा त्या खुणा जास्त लागणार आहेत.

## टप्पा 1: आधी मराठी शब्द बदलून बघा

वाक्यातला ‘छोटा’ काढून टाका आणि त्या जागी त्याहून नेमका मराठी शब्द बसतो का ते पाहा. बसला, तर निम्मं काम झालं.

ठेंगणा, बुटका बसला तर माणसाला ‘शॉर्ट’. ‘हिज हाइट इज स्मॉल’ हे इंग्रजी नव्हे. ‘ही इज शॉर्ट’ एवढं पुरे. ‘ही इज स्मॉल’ म्हटलं तर नुसती उंची नाही, एकूण चणच लहान असा अर्थ होतो. भिंत किंवा टेबल बुटकं असेल तर मात्र ‘लो’: ‘अ लो वॉल’, ‘अ लो टेबल’.

आखूड बसला तर पुन्हा ‘शॉर्ट’: बाही, दोरी, केस. वेळेचं आणि अंतराचंही तेच. ‘शॉर्ट ब्रेक’, ‘शॉर्ट डिस्टन्स’, ‘शॉर्ट व्हिडिओ’. भाषण किंवा भेट थोडक्यात आटोपली असेल आणि लिखाण जरा औपचारिक असेल तर ‘ब्रीफ’.

अरुंद बसला तर ‘नॅरो’. ‘अ स्मॉल रोड’ चुकीचं नाही, पण त्याचा अर्थ हमरस्ता नसलेला, दुय्यम रस्ता. दोन गाड्या शेजारून जात नाहीत हे सांगायचं असेल तर ‘नॅरो’च लागेल.

धाकटा बसला तर ‘यंगर’. घरगुती, मायेच्या सुरात ‘लिटल’. ‘लिटल सिस्टर’ चाळिशीची असली तरी चालतं, कारण इथे प्रश्न आकाराचा नसतोच.

किंचित, जरासा बसला तर ‘स्लाइट’: फरक, वाढ, डोकेदुखी, शंका, उच्चारातली लकब. दिसत नाहीत पण जाणवतात अशा गोष्टींचा हा शब्द.

किरकोळ बसला तर ‘माइनर’: दुखापत, अपघात, बदल, शस्त्रक्रिया. इथे मोजमाप आकाराचं नाही, गांभीर्याचं आहे.

हलका पाऊस ‘लाइट रेन’, तुरळक वाहतूक ‘लाइट ट्रॅफिक’, हलकं जेवण ‘लाइट मील’. बारीक वाळू किंवा पूड ‘फाइन’. कमी वेग, तापमान, दाब यांना ‘लो’. पगाराला ‘स्मॉल’ आणि ‘लो’ दोन्ही चालतात. वेगाला ‘स्मॉल’ चालवून घेणारे फक्त भौतिकशास्त्राच्या पुस्तकात भेटतील.

> सावधान: ‘स्मॉल लेटर’ म्हणजे छोटं पत्र नव्हे, तर लहान लिपीतलं अक्षर. कॅपिटल नसलेलं. पत्र थोडक्यात असेल तर ‘अ शॉर्ट लेटर’. ‘प्लीज राइट अ स्मॉल लेटर’ असा निरोप गेला, तर समोरचा एकच अक्षर लिहून पाठवायला मोकळा.

> सावधान: ‘माइनर’ला ‘दॅन’ जोडता येत नाही. ‘दिस इज माइनर दॅन दॅट’ असं कुणी म्हणत नाही. ‘लेस सीरियस दॅन’ म्हणा. शिवाय नाम म्हणून ‘अ माइनर’ म्हणजे अल्पवयीन व्यक्ती.

> तपासा: एकही नेमका मराठी शब्द बसला नाही, म्हणजे वस्तू सरळ आकाराने लहान आहे, किंवा प्रमाण आणि संख्या कमी आहे, तरच पुढे जा.

## टप्पा 2: आकार की प्रमाण?

‘लिटल’ हा एक शब्द नाही, दोन आहेत. एक ‘लहान’ सांगतो, दुसरा ‘थोडं’. दोघांची जागा बऱ्याचदा सारखीच दिसते आणि गोंधळ तिथेच होतो.

मोजता न येणाऱ्या नामाआधी ‘लिटल’ आला की तो प्रमाणाचा: पाणी, वेळ, पैसा, अनुभव, मदत. मोजता येणाऱ्या अनेकवचनी नामाआधी प्रमाणासाठी ‘फ्यू’. आणि या दोघांच्याही आधीच्या इवल्याशा ‘अ’ने अर्थ फिरतो:

- ‘देअर इज अ लिटल वॉटर’: थोडं पाणी आहे, भागेल.
- ‘देअर इज लिटल वॉटर’: पाणी जवळजवळ नाहीच.
- ‘अ फ्यू पीपल केम’: काही जण आले.
- ‘फ्यू पीपल केम’: फारसं कुणी आलं नाही.

नोकरीच्या अर्जात हा ‘अ’ गाळणं सगळ्यात महागात पडतं. ‘आय हॅव अ लिटल एक्स्पीरियन्स इन सेल्स’ म्हणजे विक्रीचा थोडा अनुभव आहे. ‘आय हॅव लिटल एक्स्पीरियन्स इन सेल्स’ म्हणजे अनुभव नसल्यातच जमा. अर्ज करणाऱ्याला पहिलं म्हणायचं असतं आणि वाचणारा दुसरं वाचतो. मला विचाराल तर अशा ठिकाणी ‘सम एक्स्पीरियन्स’ लिहावं आणि मोकळं व्हावं.

काही नामं दोन्हीकडची असतात. ‘वुड यू लाइक अ लिटल केक?’ यात केकचा तुकडा देऊ करताहेत की चिमुकला अख्खा केक? दोन्ही अर्थ निघतात. बोलताना हातवाऱ्यांवरून कळतं, लिहिताना कळत नाही. आकार सांगायचा असेल तर ‘अ स्मॉल केक’, प्रमाण सांगायचं असेल तर ‘अ बिट ऑफ केक’. शंका उरत नाही.

> सावधान: ‘नंबर’, ‘अमाउंट’, ‘क्वांटिटी’ आणि ‘प्रपोर्शन’ या नामांआधी ‘स्मॉल’च. ‘अ लिटल नंबर ऑफ स्टुडंट्स’ चूक, ‘अ स्मॉल नंबर ऑफ स्टुडंट्स’ बरोबर.

> तपासा: वाक्यातला ‘लिटल’ काढून ‘स्मॉल’ घाला. वाक्य हास्यास्पद झालं (‘स्मॉल वॉटर’), तर तो प्रमाणाचा ‘लिटल’ आहे. त्याचा पुढच्या टप्प्यांशी संबंध नाही.

## टप्पा 3: मोजताय की काही वाटतंय?

खरी मेख इथे आहे, म्हणून थोडं थांबू.

‘स्मॉल’ फक्त आकार सांगतो. ‘अ स्मॉल हाउस’ म्हणजे क्षेत्रफळ कमी असलेलं घर. बोलणाऱ्याला ते आवडतं की नाही, पत्ता लागत नाही. ‘अ लिटल हाउस’ म्हटलं की बोलणारा त्या घराकडे कोणत्यातरी नजरेने बघतो आहे हे कळतं. कोणत्या नजरेने, ते बहुधा आधीचं विशेषण ठरवतं. ‘अ नाइस लिटल हाउस’मध्ये कौतुक आहे. ‘पुअर लिटल थिंग’मध्ये कीव आहे. ‘अ सिली लिटल मॅन’मध्ये तुच्छता आहे, आणि तो माणूस सहा फुटी असला तरी फरक पडत नाही.

शाळेत बऱ्याच जणांना ‘लिटल म्हणजे गोड, लाडका’ असं शिकवलेलं असतं. अर्धवट आहे ते. ‘लिटल’ला भावना लागते, पण ती गोडच असेल असं नाही. आधी विशेषण नसेल तर वाचणारा स्वतःच्या मनाने भावना भरतो. सहकाऱ्याला मेल लिहिताना ‘हाउ इज युअर लिटल प्रोजेक्ट गोइंग?’ असं लिहून बघा. तुम्हाला वाटेल आपुलकीने विचारलं. त्याला वाटेल, माझ्या कामाला हा पोरखेळ समजतो. ‘स्मॉल प्रोजेक्ट’ म्हटलं असतं तर फक्त कामाचा आवाका कळला असता.

स्वतःबद्दल बोलताना हेच उलट चालतं. ‘अवर लिटल शॉप’ यात मालकाची माया दिसते. तेच दुसऱ्याच्या दुकानाबद्दल, अनोळखी माणसाने, लेखी म्हटलं की खटकतं.

म्हणून कामाचा साधा नियम: अहवाल, अर्ज, तक्रार, सूचना, शास्त्रीय लिखाण यांत आकारासाठी ‘स्मॉल’. गोष्ट, आठवणी, मुलांशी बोलणं, मित्राला पत्र यांत ‘लिटल’ला वाव आहे. शंका असेल तिथे ‘स्मॉल’. तो फार तर कोरडा वाटेल, पण कुणाला दुखावणार नाही.

अपवाद एक. माणसाला ‘फील स्मॉल’ झालं म्हणजे त्याला अपमानित, खुजं वाटलं. इथे ‘स्मॉल’लाच भावना आहे आणि ‘लिटल’ चालत नाही.

## टप्पा 4: वाक्यातली जागा

शब्द ठरला, आता तो कुठे बसतो ते पाहा.

आकाराचा ‘लिटल’ नामाच्या आधी रमतो. क्रियापदानंतर एकटा पडला की अवघडतो. ‘दिस रूम इज लिटल’ कानाला विचित्र लागतं. ‘दिस रूम इज स्मॉल’ म्हणा. वयाबद्दल बोलताना मात्र सूट आहे: ‘व्हेन आय वॉज लिटल’ आणि ‘व्हेन आय वॉज स्मॉल’ दोन्ही सर्रास वापरतात.

‘टू’, ‘सो’, ‘व्हेरी’ यांच्यामागून आकार सांगायचा असेल तर ‘स्मॉल’. ‘द शर्ट इज टू स्मॉल’. ‘टू लिटल’ म्हटलं की ऐकणारा प्रमाणाकडे वळतो, म्हणजे फारच कमी काहीतरी.

तुलना करायची असेल तर ‘स्मॉलर’ आणि ‘स्मॉलेस्ट’. ‘लिटलर’, ‘लिटलेस्ट’ ही रूपं कोशात सापडतील, पण ती लहान मुलांच्या बोलण्यात किंवा मुद्दाम लाडिक लिखाणातच शोभतात. ‘लेस’ आणि ‘लीस्ट’ प्रमाणाच्या ‘लिटल’ची रूपं आहेत. आकाराने लहान डब्याला ‘लेस बॉक्स’ म्हणता येत नाही.

विशेषणांची रांग असेल तर मत आधी, आकार नंतर, मग आकृती, रंग, आणि कशाचं बनलंय ते शेवटी. ‘अ नाइस लिटल बॉक्स’. ‘अ लिटल नाइस बॉक्स’ नव्हे. ‘अ स्मॉल राउंड वुडन टेबल’. यातला एकही शब्द पुढेमागे करून बघा, लगेच टोचेल.

> सावधान: आपण ‘लहान लहान गोष्टी’ म्हणतो म्हणून इंग्रजीत ‘स्मॉल स्मॉल थिंग्ज’ होत नाही. एक ‘स्मॉल’ पुरतो. अनेकवचन नामात आलेलंच असतं. ‘टायनी लिटल’ ही जोडी मात्र बोलण्यात रुळलेली आहे आणि ती चूक नाही.

## टप्पा 5: फारच लहान असेल तर

‘टायनी’, ‘मायन्यूट’, ‘मिनस्क्यूल’, ‘मायक्रोस्कोपिक’, ‘मिनिएचर’. ही लहानपणाची शिडी समजून जो शब्द जास्त भारी वाटेल तो उचलायचा, असं चालतं. तसं करू नका. प्रत्येकाचं काम निराळं आहे.

‘टायनी’ सगळ्यात मोकळा शब्द. बाळाची बोटं, खोली, शंका, शक्यता, कशालाही चालतो, आणि बोलण्यातही लिखाणातही. त्यात ‘फारच’ आधीच भरलेलं असल्यामुळे ‘व्हेरी टायनी’पेक्षा ‘अ‍ॅब्सोल्यूटली टायनी’ जास्त सहज वाटतं. ‘टायनिअर’, ‘टायनिएस्ट’ बिनधास्त वापरा.

‘मायन्यूट’ हा मिनिटवाला शब्द. स्पेलिंग तेच, उच्चार वेगळा: विशेषण असताना जोर दुसऱ्या भागावर, माय-न्यूट. मोठ्याने वाचून दाखवताना इथे हमखास घसरतात. अंश, कण, तपशील यांच्याशी त्याची मैत्री. ‘इन मायन्यूट डीटेल’ म्हणजे बारीकसारीक तपशिलासकट. थोडक्यात नव्हे, उलट फार सविस्तर. बाळाला किंवा मांजराच्या पिल्लाला ‘मायन्यूट’ म्हणाल तर ते प्रयोगशाळेतला नमुना वाटेल.

‘मिनस्क्यूल’ अर्थाने ‘टायनी’च्या जवळचा, जरा जोरकस. त्याचं स्पेलिंग ‘मिनी’ वरून करायची सवय पसरली आहे. रूढ स्पेलिंगमध्ये एम-आय-एन नंतर यू येतो.

‘मायक्रोस्कोपिक’ म्हणजे सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारं. बोलताना अतिशयोक्तीने वापरतात, शास्त्रीय लिखाणात शब्दशः अर्थानेच वापरा.

‘मिनिएचर’ या सगळ्यांतून वेगळा काढावा. मोठ्या गोष्टीची लहान आवृत्ती असेल तरच तो. खेळण्यातली ‘मिनिएचर ट्रेन’ बरोबर, कारण मोठी ट्रेन असते. मुंगीला ‘मिनिएचर’ म्हणता येत नाही. ती कशाची प्रतिकृती नाही. आणि हा शब्द नामाच्या आधी ठेवा, ‘द ट्रेन इज मिनिएचर’ असा मागे टाकू नका.

## टप्पा 6: सूर तपासा

काही शब्द लहानपणासोबत मत घेऊन येतात. एकाच खोलीला विकणारा ‘कॉम्पॅक्ट’ म्हणेल, राहून आवडलेला ‘कोझी’ म्हणेल आणि राहून वैतागलेला ‘क्रॅम्प्ट’. भिंती त्याच.

‘पटीट’ फक्त स्त्रियांसाठी, ठेंगणी आणि सडपातळ या अर्थी, कौतुकाने. पुरुषाला लावू नका. ‘डिमिन्यूटिव्ह’ पुस्तकी. ‘प्यूनी’ म्हणजे लहान आणि दुबळा, ‘पॉल्ट्री’ आणि ‘मीझली’ म्हणजे क्षुल्लक, तोंडावर फेकल्यासारखी रक्कम. तिन्ही शब्द नाराजीचे, तेव्हा आभाराच्या पत्रात चुकूनही नकोत. ‘नेग्लिजिबल’ म्हणजे इतकं कमी की हिशेबात धरायची गरज नाही, आणि ‘मिनिमल’ म्हणजे शक्य तितकं कमी. ‘वी’ (‘आपण’वाला नव्हे, ‘चिमुकला’ या अर्थाचा) स्कॉटलंडकडचा. तिथल्या माणसाच्या तोंडी छान, आपल्या अहवालात कशाला?

## टप्पा 7: जोडी जमते का ते बघा

काही जोड्या ठरलेल्या आहेत, तिथे तर्क चालत नाही. ‘स्मॉल टॉक’ (अवांतर गप्पा), ‘स्मॉल प्रिंट’ (करारातला बारीक मजकूर), ‘स्मॉल चेंज’ (सुटे पैसे), ‘द स्मॉल अवर्स’ (मध्यरात्रीनंतरचे तास), ‘स्मॉल इंटेस्टाइन’ (लहान आतडं). पण करंगळी ‘लिटल फिंगर’, आणि हळूहळू ‘लिटल बाय लिटल’. ‘स्मॉल वंडर’ आणि ‘लिटल वंडर’ दोन्ही चालतात, अर्थ एकच: यात नवल ते काय!

बाकी जोड्यांसाठी भाषेचा मोठा साठा तपासा. ‘ब्रिटिश नॅशनल कॉर्पस’मध्ये 10 कोटी शब्दांचं लिखाण आणि बोलणं साठवलेलं आहे, ‘कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश’मध्ये 100 कोटींहून अधिक. ‘स्लाइट हेडेक’ आणि ‘स्मॉल हेडेक’ अशा दोन्ही जोड्या टाकून कोणती किती वेळा येते ते पाहा. नुसत्या आकड्यावर जाऊ नका. चार-पाच वाक्यं उघडून वाचा. कधीकधी तीच जोडी सापडते, पण अर्थ भलताच असतो.

## एक मेल दुरुस्त करून बघू

‘वी हॅड अ स्मॉल मीटिंग टुडे. अ लिटल नंबर ऑफ पीपल केम. देअर वॉज अ स्मॉल डिले बिकॉज द रूम वॉज टू लिटल. आय हॅव लिटल सजेशन्स.’

पहिलं वाक्य लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय तपासता येत नाही. माणसं मोजकी होती असं म्हणायचं असेल तर ‘स्मॉल मीटिंग’ बरोबर. वीस मिनिटांत आटोपली असं म्हणायचं असेल तर ‘शॉर्ट मीटिंग’. (टप्पा 1)

‘लिटल नंबर’ सरळ चूक; ‘अ स्मॉल नंबर ऑफ पीपल’, किंवा सुटसुटीत ‘अ फ्यू पीपल’. ‘फ्यू पीपल’ लिहिलंत तर मात्र ती गैरहजेरीची तक्रार होईल. (टप्पा 2)

‘स्मॉल डिले’ ऐकू येतं, पण ‘स्लाइट डिले’ अधिक रुळलेलं. किती वेळ गेला यावर भर द्यायचा असेल तर ‘शॉर्ट डिले’. (टप्पा 1 आणि 7)

‘टू लिटल’ खोलीबद्दल नाही चालत, ‘टू स्मॉल’ करा. (टप्पा 4)

शेवटच्या वाक्यात सूचना मोजता येतात, म्हणजे प्रमाणाचा ‘लिटल’ तिथे बसतच नाही. आकाराचा म्हणून वाचला तर सूचना बालिश ठरतात. सूचना दोन-तीनच आहेत असं म्हणायचं असेल तर ‘आय हॅव अ फ्यू सजेशन्स’. किरकोळ आहेत असं म्हणायचं असेल तर ‘सम माइनर सजेशन्स’. दोन्ही खरं असेल तर ‘अ फ्यू माइनर सजेशन्स’ लिहा आणि मेल पाठवून द्या.